डाव्या सिंहाचं तोंड

"थांबा! ताबडतोब थांबा! ते तोंड बंद करा!"

मेनेर कुन, म्हणजे श्रीयुत कुन, लॅपटॉपमधून ओरडत होते. लॅपटॉप माझ्या हातात होता आणि माझे हात फेब्रुवारीच्या थंडीने लॅपटॉपला चिकटले होते. समोर प्लास्टिकच्या तंबूत, जुन्या कास्टेलच्या दाराशी, दगडी सिंह बसला होता, आणि त्याच्या जबड्यात मनगटापर्यंत हात घालून विमलताई उभ्या होत्या.

"कोणाचं बंद करू?" त्यांनी डचमध्ये विचारलं. "त्याचं की माझं?"

"दोघांचं!"

दुसऱ्या कोणी हातोडा खाली ठेवला असता. विमलताई माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "नित्या, लॅपटॉप जरा खाली धर रे. त्यांना सुळे नीट दिसत नसतील."

मी धरला. छिन्नीसारख्या टाकीवर तीन ठोके पडले आणि सिंहाचा खालचा सुळा असा बाहेर आला, जणू इतके दिवस तो आत कोणाची तरी वाट बघत बसला होता. स्क्रीनवर पाच चौकटी होत्या. त्यातल्या चार कमिटीच्या, पाचवी कुन यांची. ते या दुरुस्तीचे आर्किटेक्ट, आणि लॉकडाऊनमुळे उइटहॉर्नला आपल्या घरात बसलेले. त्या पाचव्या चौकटीत काहीतरी खळकन पडलं.

"कॉफीचा कप," विमलताई म्हणाल्या. "फुटला नाही. जाड आहे."

आवाजावरून, आणि तेही शंभराहून जास्त किलोमीटर लांबच्या. कुन यांनी वाकून कप उचलला. खरंच फुटला नव्हता.

इथूनच सुरुवात करतो, कारण विमलताईंना ओळखायचं तर त्या एका वाक्यात त्या पुऱ्या आहेत. जगात जे काही आहे ते त्या वाजवून पाहत. पाव, कलिंगड, सायकलची घंटी, बँकेचं काउंटर. उंचीला माझ्या खांद्याला लागत, पण मनगटं अशी की त्यांच्याशी हस्तांदोलन केलेला माणूस आठवडाभर डाव्या हाताने जेवायचा. आवाजाचं तर विचारू नका. आमच्या बेस्ट गावाच्या स्टेशनवर त्यांनी मला हाक मारली की तिकडे आइंडहोवनला बस थांबायच्या. लग्न केलं नाही. एकदा माझ्या बायकोने, अश्विनीने, धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "दोघांनी विचारलं होतं. वाजवून पाहिले. पोकळ निघाले."

साताऱ्याकडच्या एका गावात त्यांचे वडील जाती घडवत. जाती, पाटे, वरवंटे, उखळं. गावोगाव गाडीवर घालून विकायची, आणि जुन्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून द्यायची. घरोघरी मिक्सर आले आणि वडिलांचं काम संपलं. विमलताई चित्रं बरी काढत, म्हणून मुंबईला कलाशाळेत गेल्या, तिथून जुन्या दगडांची दुरुस्ती शिकायला इथे, नेदरलँड्सला, दोन वर्षांसाठी. त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. आम्ही सगळे इकडे आलो ते संगणकावर बोटं चालवायला. आमच्यात हातोडा घेऊन आलेल्या त्या एकट्या. परवानग्यांच्या कचेरीत त्यांच्या व्यवसायाचा रकाना भरताना बाईंनी तीनदा विचारलं होतं म्हणे, "आयटी ना?"

आम्ही बेस्टला घर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्या बघायला आल्या. घरं विकणारा एजंट उजेड, बाग, शाळा यांचं कौतुक सांगत होता. विमलताई भिंत वाजवत चालल्या होत्या. बैठकीच्या खोलीत एका जागी थांबल्या, पुन्हा वाजवलं.

"इथे दार होतं."

एजंट हसला. म्हणाला, नकाशात नाही. विमलताई म्हणाल्या, "नकाशा मी वाजवला नाही. भिंत वाजवली."

सहा महिन्यांनी आम्ही वॉलपेपर काढला. दार होतं! बुजवलेलं, पण चौकटीसकट. ते उघडलं तर पलीकडे शेजारचे नवराबायको बटाटे खात बसले होते, असं मी सांगतो. अश्विनी सांगते, नुसत्या विटा होत्या. ते असो. दार होतं, यावर आमचं दोघांचं एकमत आहे आणि आमच्या लग्नात अशा गोष्टी फार नाहीत.

त्यांच्या चुकाही तशाच भव्य. आइंडहोवनला गणपतीच्या जेवणासाठी त्यांनी एकदा पाटा-वरवंटा घडवून आणला. कास्टेलच्या कामात उरलेल्या दगडाचा. "मिक्सरच्या चटणीला चव नसते," असं जाहीर करून त्या हॉलच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि सव्वाशे माणसांची खोबऱ्याची चटणी वाटली. आता इथला दगड तो. पिवळसर, वाळूचा, आपल्या काळ्या दगडासारखा कणखर थोडाच! पंगतीत पहिला घास गेला आणि सगळ्या हॉलभर असा आवाज झाला की जणू सव्वाशे जाती एकदम फिरायला लागली. एक दातांचे डॉक्टर होते, ते जेवण सोडून कार्डं वाटत सुटले. विमलताई मात्र स्वतःच्या पानावरची चटणी शेवटच्या कणापर्यंत खाऊन उठल्या.

"ताई, कचकच लागते हो," कोणीतरी म्हणालं.

"नव्या पाट्याची पहिली चटणी दगडाची असते," त्या म्हणाल्या. "दुसरी आपली." आणि पुढच्या वर्षी तोच पाटा घेऊन आल्या. कोणी खाल्ली नाही. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, असं लोक म्हणायचे. मला वाटतं, चूक झाली तर ती पोटात घालायची त्यांची तयारी होती. त्यासाठी दुसऱ्याची परवानगी मागायची तयारी नव्हती, एवढंच.

मग करोना आला.

वाळूचा दगड घडवायला या देशात वेगळी परवानगी लागते. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि उठत नाही. विमलताईंना हे कायद्याने शिकवायची गरज नव्हती. त्यांचे वडील खोकून खोकून गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्यामुळे काम करताना त्यांच्या तोंडावर कायम मास्क. दोन्ही बाजूंना डबे असलेला, डुकराच्या नाकासारखा. आम्ही त्यावरून वर्षानुवर्षं त्यांची थट्टा केली. पहिल्या लॉकडाऊनच्या आठवड्यात त्या तोच मास्क लावून सुपरमार्केटात शिरल्या. तेव्हा या देशात कोणी मास्क लावत नव्हतं. सरकार दीड मीटर अंतर ठेवा म्हणत होतं. विमलताईंपासून लोकांनी पंधरा मीटर ठेवलं. टॉयलेट पेपरची अख्खी रांग मोकळी झाली. एक म्हातारे गृहस्थ तर ट्रॉली जागीच सोडून गेले. "माणसं सुधारली," त्या मला फोनवर म्हणाल्या. "मान द्यायला लागली."

त्याच आठवड्यात आमच्या हाउसआर्ट्सचा, म्हणजे घरच्या डॉक्टरांचा, दवाखाना मास्कवाचून अडला होता. विमलताईंच्या वर्कशॉपमध्ये धुळीचे साधे मास्क खोकीच्या खोकी होते. त्यांनी सायकलच्या पुढच्या पेटीत घालून सगळे नेऊन दिले. स्वतःसाठी तो एक डुकरी मास्क ठेवला आणि त्याचे गाळणीचे डबे संपले तेव्हा तीन महिने टाकीला हात लावला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या तीन महिन्यांत त्यांनी काय केलं? रोज सकाळी सायकलने कास्टेलला जाऊन डाव्या सिंहासमोर बसून राहिल्या. दीड मीटरवर.

आता सिंहांकडे येतो. कास्टेल म्हणजे फार काही समजू नका. आपल्याकडची एखादी गढी असते तेवढंच, भोवती पाण्याचा खंदक, पुलाच्या तोंडाशी दोन दगडी सिंह. दोघेही चौथऱ्यावर बसलेले, उंचीने साधारण माणसाएवढे. उजवा धडधाकट, तोंड मिटलेला, एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा. डाव्याचं धड शाबूत, पण चेहरा पावसाने पार खाऊन टाकलेला. नाक नाही, डोळे नाहीत. साबणाची वापरलेली वडी असते तसा गोळा. कमिटीने ठरवलं, डाव्याला नवं डोकं बसवायचं. उजव्याचं संगणकावर मोजमाप घ्यायचं, आरशातल्यासारखं उलटं करायचं आणि तसंच घडवायचं.

"नाही," विमलताई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं असं. त्या गोळ्यात दोन भोकं होती, बोटभर खोल. जबडा उघडा घडवायचा असला की पाथरवट आधी ओठांच्या कोपऱ्यांत भोकं पाडतो, म्हणजे दगड चिरत नाही. मिटलेल्या तोंडाला भोकं कशाला? आणि दाराशी जोडी बसवायची तर एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. "एक बोलतो, एक ऐकतो. दोघं मिटून बसले तर रात्रंदिवस करतील काय?"

कुन वाईट माणूस नव्हते. उंच, सभ्य, हळू बोलणारे. विमलताई आमच्यात त्यांना कुनराव म्हणत. कुनराव म्हणाले, भोकं जुन्या दुरुस्तीतल्या सळ्यांची असतील.

"लोखंड असतं तर गंज उतरला असता. दाखवा गंज."

"विमल, आमचा एकच नियम आहे. जे माहीत नाही ते घडवायचं नाही."

"मग मिटलेलं तोंड तुम्हाला कुठे माहीत आहे? तोही अंदाजच ना? गप्प बसलेला अंदाज तेवढा खरा, आणि बोललेला खोटा?"

कमिटीकडे उत्तर नसलं की ठराव असतो. तोंड मिटलेलं ठेवायचं, असा ठराव झाला.

आणि विमलताईंनी मान हलवली! मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, लॉकडाऊनने बाई थकली. त्यांनी वर्कशॉपात डोकं घडवायला घेतलं. आयाळ अशी घडवली की केस उडतील म्हणून मी खिडकी लावून घेतली. डोळे, कान, नाक. तोंडाच्या जागी मात्र मुठीएवढा दगड तसाच ठेवला. हिवाळ्याच्या आधी क्रेनने डोकं धडावर बसवलं, सांध्यात चुना भरला. कुनरावांनी त्या मुठीएवढ्या दगडाबद्दल विचारलं.

"वाहतुकीत ओठ तुटू नयेत म्हणून ठेवलाय," विमलताई म्हणाल्या. "चुना पक्का झाला की काढते."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलून माणसं फसवणारे मी पुष्कळ पाहिलेत, मी स्वतः त्यात बरा आहे. खरं बोलून फसवणारी एवढी एकच बाई पाहिली.

त्याचं मूळ त्यांच्या वडिलांकडे होतं. जात्याच्या वरच्या पेडाला मधोमध भोक असतं, त्यातून दाणे टाकायचे. त्याला जात्याचं तोंड म्हणतात. यांच्या घरात चाल अशी की जातं विकायला नेताना तोंड पुरतं उघडायचं नाही. बोटभर दगड आत ठेवायचा. उघड्या तोंडाचं जातं गाडीत हिंदकळून चिरतं. शिवाय वडील म्हणत, "वाटेत तोंड उघडलं तर वारा खातं." गिऱ्हाइकाच्या अंगणात जातं मांडायचं, मग शेवटचे चार ठोके घालून तोंड उघडायचं, आणि घरच्या बाईने त्यात पहिली मूठ घालायची. लहानपणी ती चार ठोक्यांची टाकी धरायचं काम विमलताईंचं. "जिथे बसायचं तिथे बसल्यावर तोंड उघडायचं," त्या म्हणत. मला ही शिकवण त्यांना स्वतःला कधी लागू पडलेली दिसली नाही. त्या कुठेही उघडत.

तर हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. घरी दिवसाला एकच पाहुणा, कमिटीच्या बैठका व्हिडिओवर, आणि विमलताई संगणकाला हात लावत नसल्यामुळे कास्टेलवरून लॅपटॉप धरायला मी. मी तेव्हा घरून काम करत होतो, म्हणजे काय करत होतो ते तुम्हालाही माहीत आहे. चुना पक्का झाला. विमलताईंनी दगड काढायला घेतला. दोन दिवसांत ओठ मोकळे झाले, तिसऱ्या दिवशी जीभ दिसली, चौथ्या दिवशी बैठक होती. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

कमिटीचा निरोप त्याच संध्याकाळी आला. काम थांबवायचं. दोन आठवड्यांनी निर्णय, पण निर्णय सगळ्यांना ठाऊक होता. डोकं उतरवायचं, संगणकाने मशीनवर कापलेलं मिटलेलं डोकं बसवायचं, विमलताईंचं नाव कामावरून काढायचं. आणि यात आणखी एक गोष्ट अडकली होती. स्कॉटलंडमध्ये एका जुन्या किल्ल्याची दुरुस्ती निघाली होती. वाऱ्याने झिजलेले दगडी एकशिंगी घोडे, फुलं, चेहरे, भिंतभर. विमलताई त्या किल्ल्याचे फोटो दहा वर्षं भिंतीवर लावून बसल्या होत्या. तिथल्या लोकांनी त्यांना बोलावलं होतं, कागद तयार होते, फक्त एक पत्र हवं होतं. आधीच्या कामाच्या आर्किटेक्टचं. म्हणजे कुनरावांचं.

"ताई," मी म्हणालो, "दोन ओठ चुन्याने बुजवा. कुनराव मऊ आहेत, पत्र देतील. सिंहापायी घोडे घालवू नका."

"एकाचं तोंड बुजवून दुसऱ्याचं शिंग घडवू?"

"कोणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्या कपाळावर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि सरळ निघून गेल्या. आजवर माझा इतका अपमान कोणी केलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या गावात दारोदार फिरायला लागल्या. घंटा वाजवायची, दीड मीटर मागे सरकायचं आणि विचारायचं, "कास्टेलचा डावा सिंह आठवतो का?" चाळीस दारं केली. मी चारशे सांगतो. जन्मभर त्या सिंहांच्या मधून ये-जा केलेली माणसं विचारात पडायची. "सिंह? घोडे आहेत ना ते?" एकाने तर शपथेवर सांगितलं की तिथे कुत्रे होते. शेवटी एका अंडीवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीला विचारा. रीत तिचं नाव. लहानपणी कास्टेलवर अंडी ती पोचवायची. नव्वदी उलटलीय, वृद्धाश्रमात आहे, डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी लगेच सायकल काढली. "चला, विचारून घेऊ."

"आपण नाही. कुनराव विचारतील."

"अहो, आधी आपल्याला कळू दे तरी! मिटलेलं म्हणाली म्हणजे?"

"मी आधी विचारलं तर म्हणतील, म्हातारीला पढवलं."

"पण ती मिटलेलं म्हणाली तर?"

"तर डोकं मी स्वतः उतरवीन. मशीनवाल्यांना हात लावू देणार नाही."

त्यांनी कुनरावांना फोन केला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं, उइटहॉर्नलाही फोनशिवाय ऐकू गेलं असेल. "तुमचाच नियम. माहीत नसेल ते घडवायचं नाही. मग माहीत करून घ्यायला या." आणि तो सभ्य माणूस गाडी घेऊन आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मी विमलताईंना शेवटचं पाहिलं ते तिथे, वृद्धाश्रमाच्या बागेत. त्याच आठवड्यात मला करोनाने धरलं, आणि बरा होऊन बाहेर आलो तोवर त्या बोटीने स्कॉटलंडला गेल्या होत्या. दाराशी एक पिशवी ठेवून गेल्या. आत तो पाटा होता. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे त्या अजून तशाच उभ्या आहेत. बारीक पाऊस, रेनकोट, गळ्यात लोंबणारा डुकरी मास्क, आणि हात पाठीमागे बांधलेले, म्हणजे खिडकी वाजवायचा मोह होऊ नये.

आश्रमात दोघांना करोना निघाला होता, म्हणून दार बंद. काचेच्या आत व्हीलचेअरवर रीतबाई, इथल्या भाषेत मेव्राउ रीत. लहानशा, नीट विंचरलेल्या, मांडीवर शाल. शेजारी नर्सने फोन त्यांच्या कानाशी धरलेला. काचेच्या बाहेर आम्ही तिघं, जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर. कुनरावांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात वही. म्हातारीला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे कुनराव पुन्हा ओरडत होते.

"मेव्राउ! कास्टेलच्या दाराशी दोन सिंह आहेत! आठवतात?"

"आठवतात. थंड असायचे."

"डाव्या सिंहाचं तोंड कसं होतं?"

"डावा म्हणजे कुठला? जातानाचा की येतानाचा?"

कुनरावांनी वही पाहिली. एवढ्या बैठका झाल्या, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"जातानाचा!"

"मी कधी आत गेलेच नाही," म्हातारी म्हणाली. "आम्ही अंडीवाले. टोपली पुलाशी ठेवायची, चिठ्ठी घ्यायची आणि परत फिरायचं."

"कसली चिठ्ठी?"

"उद्या अंडी किती आणायची त्याची. स्वयंपाकीणबाई ठेवायची. पावसाने भिजू नये म्हणून सिंहाच्या तोंडात ठेवायची. मी चौथऱ्यावर चढून काढायचे."

पाऊस पडत होता. विमलताईंचे पाठीमागचे हात सुटले. कुनरावांनी वही मिटून खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच न ओरडता विचारलं. त्यामुळे नर्सला तो प्रश्न म्हातारीच्या कानात पुन्हा सांगावा लागला.

"कोणत्या सिंहाच्या, मेव्राउ?"

म्हातारीने आधी नर्सकडे पाहिलं, मग काचेतून त्या उंच, भिजलेल्या, शिकलेल्या माणसाकडे.

"ज्याचं उघडं होतं त्याच्या."